देवावर राग आलेला असताना प्रार्थना कशी करायची?

ताई, इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचंच म्हणणं थोडक्यात मांडतो. यजमानांना पक्षाघात होऊन दोन वर्षं होत आली. उजवा हात-पाय अजून साथ देत नाही, बोलणं तुटक आहे. तुम्ही उपास केले, चर्चच्या मंडळीनं साखळी प्रार्थना केली, पण सुधारणा एका ठिकाणी येऊन थांबली ती थांबलीच. आता गुडघे टेकले की शब्द फुटत नाहीत. मंडळीत तुम्ही "प्रभू चांगला आहे" म्हणता आणि घरी येऊन दार लावून रडता. एका ज्येष्ठ बांधवांनी तुम्हाला सांगितलं, की कुरकुर हे सैतानाचं काम आहे आणि विश्वास कमी पडतोय म्हणून आरोग्य मिळत नाही. तुम्ही विचारता, देवावर राग आहे हे देवालाच सांगितलं तर पाप होईल का? आणि सांगायचं ठरवलं तर सांगायचं कसं?

पाप होणार नाही. सांगा. जे मनात आहे ते, ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत, पण देवालाच सांगा.

पाळकीय सेवेतला माझा बराच काळ आजाऱ्यांच्या उशाशी आणि त्यांच्या घरच्यांबरोबर गेला आहे. देवाशी भांडून विश्वास सोडलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. मला भेटतात ती वेगळी. त्यांचं देवाशी बोलणं हळूहळू बंद पडतं, भक्तीची भाषा तेवढी तोंडात राहते, आणि एके दिवशी त्यांच्या ध्यानात येतं की आपण कित्येक महिन्यांत त्याच्याशी खरं असं काही बोललेलोच नाही. म्हणून तुमच्या रागाची मला तितकीशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती न फुटणाऱ्या शब्दांची. माझा अंदाज असा, की ते शब्द रागाखालीच अडकून पडलेत. राग बाहेर येऊ दिला नाही तर त्याच्या मागचं प्रेम, भीती, थकवा, मागणं, काहीच बाहेर येणार नाही.

नुसतं "सांगा" म्हटल्यानं तुमची भीड चेपणार नाही हे मला माहीत आहे. लहानपणापासून आपल्याला शिकवलं जातं की देवापुढे चांगलंच बोलायचं. म्हणून देवानं स्वतःच्या लोकांच्या तोंडी कोणते शब्द दिले ते आधी पाहू.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या उपासनेत आपण 23, 100, 103 आणि 121 पुन्हा पुन्हा वाचतो, म्हणून हे प्रमाण आपल्याला जाणवत नाही. स्तोत्र 13 घ्या. उणीपुरी सहा वचनं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा "कोठवर" विचारतो. कोठवर मला विसरणार, कोठवर माझ्यापासून तोंड लपवणार, कोठवर मी मनातल्या मनात झुरायचं, कोठवर शत्रूनं माझ्यावर वरचढ व्हायचं. "तू मला विसरलास की काय असं उगाचच मला वाटतं" अशी सावध भाषा त्यात नाही. विसरला आहेस हे गृहीत धरून, किती दिवस विसरणार ते तो विचारतो. देव विसरत नाही हे दावीदाला आपल्याइतकंच ठाऊक होतं. तरीही त्या दिवशी त्याला जे भोगावं लागत होतं ते त्यानं तसंच्या तसं मांडलं. त्या स्तोत्राचा मथळाही वाचा. ते मुख्य गवयाच्या हाती दिलेलं स्तोत्र आहे. म्हणजे ही तक्रार कोपऱ्यात पुटपुटण्यासाठी नव्हती, ती सगळ्या मंडळीनं मिळून गायची होती.

याच स्तोत्रातली आणखी एक गोष्ट मी लोकांना नेहमी दाखवतो. तिसऱ्या-चौथ्या वचनात तो मागणी करतो, माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. पाचव्या वचनात एकदम म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. वाचताना आपण चौथ्यावरून पाचव्यावर एका श्वासात जातो. दावीदाला तिथं पोहोचायला एक रात्र लागली की एक वर्ष, हे स्तोत्र सांगत नाही. तुम्ही आज चौथ्या वचनावर असाल तर चौथ्यावरच राहा. पाचवं वचन ओढूनताणून म्हणायची काही गरज नाही.

आणि काही स्तोत्रांत ते पाचवं वचन येतच नाही. मुलगा गेलेल्या एका आईबरोबर मी बसलो होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती "प्रभूची इच्छा" एवढंच सांगायची. डोळ्यांत टिपूस नव्हता. मी तिला स्तोत्र 88 मोठ्यानं वाचायला दिलं. अठराव्या वचनापर्यंत ती आली, पान उलटलं, तर पुढे 89 सुरू झालेलं. पुन्हा मागे आली.

"याचा शेवट कुठं आहे?"

"एवढाच आहे."

"म्हणजे आशेचं वचन नाहीच?"

"नाही."

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मीही आज आशेचं काही नाही बोलले तर चालेल ना?" त्या दिवशी मुलाचं नाव घेऊन ती पहिल्यांदा देवाशी बोलली. फार कडक बोलली. मी शेजारी बसून "आमेन" म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो.

स्तोत्र 88 अंधारात संपतं. मित्र, आप्त सगळे दूर गेले आणि सोबतीला काळोख उरला, एवढंच शेवटी हाती राहतं. पण त्याचा आरंभ पाहा. स्तोत्राचा कर्ता हेमान पहिल्याच ओळीत देवाला आपला उद्धारक म्हणून हाक मारतो, आणि मधे पुन्हा सांगतो की मी रोज तुला हाक मारतोय, तुझ्याकडे हात पसरतोय. त्याला काही दिसत नव्हतं, तरी त्याचं तोंड देवाकडेच होतं.

माझं सगळं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. प्रार्थनेत शब्द गोड आहेत की कडू, यापेक्षा आपलं तोंड कुणाकडे आहे याला जास्त महत्त्व आहे. त्या बांधवांनी कुरकुरीबद्दल जे सांगितलं ते पूर्ण चुकीचं नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि देवाला ती आवडली नाही, हे खरंच आहे. पण अनुवाद नावाच्या बायबलमधल्या पुस्तकातलं 1:27 नीट वाचा. त्यांनी आपापल्या तंबूत बसून कुरकुर केली, की परमेश्वर आमचा द्वेष करतो. तंबूत, आपसात, देवाबद्दल. देवाशी एक शब्दही नाही. आता त्याच अरण्यातला त्यांचा पुढारी मोशे पाहा. गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात तो देवाला म्हणतो, या सगळ्या लोकांचा भार माझ्या एकट्यावर का टाकलास? या लोकांना मी जन्म दिला का? असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक. शब्द कुरकुर करणाऱ्यांपेक्षाही तिखट आहेत. पण ते देवाच्या तोंडावर बोललेले आहेत. देवानं मोशेला शिक्षा केली नाही. भार वाटून घ्यायला सत्तर वडील दिले.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो. दार लावून तुम्ही रडता तेव्हा ते रडणं कुणापुढे असतं? एकट्याच असाल, तर उद्या रडताना फक्त "देवा" एवढं म्हणा. पुढचं वाक्य नाही सुचलं तरी चालेल. तेवढ्यानंच त्या रडण्याची प्रार्थना होते.

मुलंबाळं, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक बहुतेक लोक पहिले दोन अध्याय वाचून सोडतात. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे वाक्य सांत्वनाच्या प्रत्येक सभेत ऐकू येतं. त्यानंतर तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाला न्यायासनापुढे बोलावत राहतो. त्याचे तीन मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर मात्र शेवटपर्यंत देवाची बाजू घेतात. देव न्यायी आहे, तुझंच काही चुकलं असेल, पश्चात्ताप कर. ऐकायला सगळं शुद्ध. आणि शेवटी, 42:7 मध्ये, देव अलीफजाला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. पाळकांनी आणि सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकानं हे वचन पाठच करावं. त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती. ते सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कुणी काही बोललं नाही.

आता सर्वांत मोठं उदाहरण. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं शिष्यांना सरळ सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, जागे राहा. म्हणजे दुःख लपवलं नाही, सोबतही मागितली. मग बापाला म्हणाला, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा नाही, मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही त्यानं तेच शब्द बोलून प्रार्थना केली. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे वाक्य आपण फार लवकर म्हणून टाकतो, आधीचं मागणं न मागताच. प्रभूनं आधी मागितलं. हवं ते स्पष्ट मागितलं, घाम गाळून मागितलं, आणि मग स्वतःची इच्छा बापाच्या हाती दिली. जे कधी उघड मागितलंच नाही ते सोपवणार तरी कसं? आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, स्वतःचे शब्द उरले नाहीत तेव्हा, त्यानं स्तोत्र 22 चे शब्द घेतले: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पापरहित असलेल्या पुत्राच्या तोंडी हा प्रश्न शोभला, तर तुमच्या तोंडी तो पाप कसा ठरेल?

आता सांगायचं कसं, ते.

पहिलं म्हणजे आवाज काढून बोला. मनातल्या मनात केलेली प्रार्थना थकलेल्या माणसाच्या बाबतीत दोन मिनिटांत काळजीत मिसळून जाते, आणि आपण प्रार्थना करतोय की चिंता, हेच कळेनासं होतं. घरात कुणी ऐकेल अशी भीती असेल तर लिहा. कुणाला दाखवायचं नाही, नंतर फाडून टाकलं तरी चालेल.

दुसरं, ठरावीक वाक्यं काही दिवस बाजूला ठेवा. "हे स्वर्गीय पित्या, या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो" हे वाक्य चांगलं आहे, पण दिवस सुंदर नसताना ते तोंडात आलं की पुढचं सगळं त्याच सुरात जातं. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा, आणि गोष्ट जितकी बारीक तितकं बरं. तुम्ही लिहिलेल्यावरून मी एक नमुना देतो. शब्द तुमचे घाला.

"देवा, आज त्यांना खुर्चीवर बसवताना माझी कंबर धरली आणि ते माझ्यावर ओरडले. ओरडले म्हणजे नुसता आवाज काढला, शब्द आलेच नाहीत. मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. मग तुझा आला. तू हे थांबवू शकला असतास. आम्ही तुझं काय वाईट केलं होतं? दोन वर्षं मागतेय, तू गप्प आहेस. मला हे आवडत नाही. तू गप्प राहतोस ते मला अजिबात आवडत नाही. मला आज रात्री सलग चार तास झोप दे. आणि त्यांना एक शब्द तरी नीट बोलता येऊ दे. माझं नाव. येशूच्या नावात मागते."

यात काय काय आलं ते बघा. घडलेली घटना आली, राग आला आणि तो कुणाकुणावर आहे हेही आलं. थेट देवाकडे प्रश्न गेला. शेवटी मागणं आलं, तेही लहान आणि नेमकं. पुष्कळ लोक तक्रार करून मोकळे होतात पण मागायचं विसरतात, किंवा पुन्हा निराशा नको म्हणून मुद्दाम मागत नाहीत. मागा. संपूर्ण आरोग्य मागायचं बळ आज नसेल तर चार तासांची झोप मागा. स्तोत्रकर्ते तक्रारीवर थांबत नाहीत, ते देवाला "ऊठ", "ऐक", "पाहा", "त्वरा कर" असं हक्कानं सांगतात.

बोलून झालं की लगेच उठू नका. पाचेक मिनिटं तशाच बसा. काही ऐकू आलंच पाहिजे असा हट्ट नको. हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवाला धारेवर धरतो, "किती वेळ मी ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?" आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी म्हणतो की आता मी माझ्या पहाऱ्याच्या जागी उभा राहून तो मला काय म्हणतो ते पाहीन. भांडून दार आपटून निघून जाणं आणि भांडून उत्तरासाठी थांबणं, यांत फार अंतर आहे.

शब्दच नाहीत अशा दिवशी उसने घ्या. स्तोत्रं 13, 42, 77, 88 आणि 142 एका कागदावर लिहून ठेवा आणि रोज एक मोठ्यानं वाचा. जे वचन घशात अडकेल तिथं थांबा आणि तेच पुन्हा म्हणा. विलापगीत या बायबलमधल्या पुस्तकाचा तिसरा अध्यायही घ्या, पण सगळा. "परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते" हे आपण भिंतीवर लावतो, ते त्या अध्यायात 22 आणि 23 व्या वचनांत आहे. त्याआधीच्या वचनांत तोच माणूस म्हणतो की मी आरोळी मारली तरी तो माझी प्रार्थना आत येऊ देत नाही. यरुशलेम इ. स. पू. 586 मध्ये पडलं, त्या नाशावर ही गीतं आहेत. पाचपैकी पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमानं रचलेली आहेत, जणू दुःखाचं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. आणि पाचव्याचा शेवट पुन्हा प्रश्नावरच होतो.

तेही जमलं नाही तर रोमकरांस पत्र 8:26 तुमच्यासाठीच आहे. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे तुमच्या नुसत्या उसाशालाही प्रार्थनेची जागा आहे.

देवाचं भय कुठं गेलं, असा प्रश्न काही वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. मोकळेपणाचा अर्थ देवाला आपल्या पातळीवर ओढणं असा नाही. यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देवाला आटणाऱ्या ओढ्यासारखा फसवा म्हणतो, तेव्हा देव त्याचं ऐकतो, पण पुढच्याच वचनात सुनावतोही, की तू मागे फिरशील, हीन बोलणं सोडून मोलाचं बोलशील, तरच माझं मुख होशील. ईयोबाला देव वावटळीतून चार अध्याय प्रश्न विचारतो आणि ईयोब तोंडावर हात ठेवतो. दोघांनाही देवानं दूर लोटलं नाही, पण दोघांनाही ऐकावं लागलं. प्रामाणिक प्रार्थना एकतर्फी नसते. तुम्ही खरं बोलाल तर तोही खरं बोलेल, आणि कधी कधी ते टोचेल. राग व्यक्त करताना आपल्याच मनात साठलेली कटुता, कुणाबद्दलचा हेवा, लपवलेलं पाप वर आलं, तर तेही त्याच दमात सांगून टाका. स्तोत्र 32 मध्ये दावीद लिहितो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली.

मात्र जे पाप तुमचं नाही ते अंगावर घेऊ नका. "विश्वास कमी म्हणून आरोग्य नाही" या वाक्यानं मी अनेक घरं दुहेरी दुःखात बुडालेली पाहिली आहेत, आणि ते वाक्य बायबलपुढे टिकत नाही. योहान 9 मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू दोन्ही नाकारतो. ज्या प्रेषित पौलाच्या हातून आजारी बरे झाले, तोच 2 तीमथ्य 4:20 मध्ये लिहितो की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी सोडून आलो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो वारंवारच्या दुखण्यासाठी पोटाला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. यांत कुणाचा विश्वास कमी होता? आणि विश्वास खरोखर डळमळत असेल, तर मार्क 9 मधल्या आजारी मुलाच्या बापाची प्रार्थना आहेच: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." प्रभूनं त्याला आधी विश्वास पक्का करून यायला सांगितलं नाही. मुलाला त्याच वेळी बरं केलं.

एक आशा मात्र मी तुम्हाला दाखवणार नाही, की खरं बोललात म्हणून यजमान लगेच चालू लागतील. ईयोबाला "का" याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. जे मिळू शकतं ते मूल होत नसलेल्या हन्नेच्या कथेत आहे. ती मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती दारू प्यायलेली वाटली. ती म्हणाली, मी आपलं मन परमेश्वरापुढे मोकळं करत आहे. त्यानंतर 1 शमुवेल 1:18 सांगतं की ती जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म नंतरचा. तेव्हा तिच्या पोटी गर्भही नव्हता. परिस्थिती तीच, घरात सवत तीच, पण आतलं ओझं देवापाशी उतरलं होतं आणि भूक परत आली होती. हे मी अनेकांच्या बाबतीत घडताना पाहिलंय. एका बैठकीत घडतंच असं नाही.

भुकेवरून आठवलं, शरीराकडे दुर्लक्ष करू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन पुन्हा झोपला, आणि दूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. संवाद त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झाला. दोन वर्षं आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाची झोप, जेवण, पाठ, सगळंच मोडलेलं असतं. आठवडाभरात काही तास तरी दुसऱ्या कुणाला यजमानांजवळ बसवा. आणि ताई, आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना भेटा आणि घरातल्या एका माणसाला हे स्पष्ट सांगा. तसे विचार फार जोरात येत असतील तर एकट्या राहू नका. नैराश्यावर औषध घेणं हा अविश्वास नाही. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या देताना तुम्हाला विश्वास कमी झाल्यासारखं वाटत नाही, तसंच हे आहे.

मंडळीतलं काय करायचं? सगळ्यांपुढे सगळं उघड करावं असं मी सांगणार नाही. प्रभूनंही गेथशेमानेत आणखी आत जाताना तिघांनाच बरोबर नेलं. ऐकून घेणारी, लगेच वचन न फेकणारी दोन माणसं शोधा. त्यांना म्हणा, सध्या माझ्यानं प्रार्थना होत नाही, माझ्या वतीनं तुम्ही करा. मार्क 2 मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, आणि प्रभूनं त्यांचा विश्वास पाहून त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. आणि कुणी साक्ष द्यायला उभं केलंच, तर "प्रभू चांगला आहे" याच्या पुढे एक वाक्य जोडा: "आणि आम्ही अजून वाट पाहतोय, आम्हाला ते जड जातंय." हे दोन्ही खरं आहे. मागच्या बाकावर बसलेल्या कुणाला तरी ते ऐकायची गरज असेल. त्या ज्येष्ठ बांधवांशी वाद घालू नका. पुन्हा तेच म्हणाले तर "ईयोबाचा 42 वा अध्याय आपण एकत्र वाचूया का?" एवढंच विचारा.

शेवटी एक गोष्ट. तुमच्या प्रश्नात यजमानांच्या प्रार्थनेबद्दल काहीच नाही. ज्याची वाचा गेली आहे त्याच्या आतही तक्रार असते, आणि बऱ्याचदा तो ती बायकोला त्रास नको म्हणून गिळत असतो. त्यांना समजतं ना सगळं? मग एका संध्याकाळी स्तोत्र 13 मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरा, सावकाश वाचा आणि विचारा, आज यातली तुमची ओळ कोणती? डाव्या हातानं दाखवता येईल. त्यांनी पहिलीच ओळ दाखवली, "तू कोठवर मला विसरणार?", तर "असं म्हणू नये" म्हणू नका आणि घाईनं शेवटच्या ओळीकडेही नेऊ नका. तीच ओळ दोघांच्या वतीनं तुम्ही देवाला म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.